सैल वात

"मिरचीचा डबा कुठाय?" शालननं विचारलं.

कढईत तेल तापलं होतं आणि तिच्या हातात पळी होती. दुसरा एखादा नवरा असता तर तिचा चेहरा बघून मुकाट्यानं बाहेर गेला असता. मी समजावून सांगायला घेतलं.

"फलाट तीनवर. तिखट, हळद, मीठ एका फळीवर घेतलंय. रोजच्या गाड्या पुढं, सणासुदीच्या मागं. जायफळ, वेलदोडे पार डेपोत."

"डेपो कुठला आता?"

"कपाटावरची ट्रंक."

तेलातून धूर यायला लागला. शालननं गॅस बंद केला आणि माझ्या डोक्याकडं बराच वेळ बघत राहिली. मी नुकताच 'कटिंग करून येतो' म्हणून बाहेर जाऊन आलो होतो. मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार. पण ती पळी ओट्यावर ठेवून देवघरासमोर गेली आणि हात जोडून बसली. त्या दिवशी आम्ही दुपारी चुरमुरे खाल्ले.

तेव्हा मला निवृत्त होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट एक जून ही जन्मतारीख लावून मोकळे व्हायचे, त्यामुळं मेअखेरीस अर्धा महाराष्ट्र एकदम घरी बसायचा. त्यात मीही बसलो. कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर मी वाहतूक नियंत्रक होतो. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कधी सुटणार, चहाला गेलेल्या ड्रायव्हरला कुठल्या टपरीवरून ओढून आणायचं, सगळं माझ्या शिट्टीवर चालायचं. एवढा कारभार केलेला माणूस घरी आल्यावर गप्प कसा बसेल? मी घराचा कारभार हातात घेतला. दूधवाल्याला उशिराचं कारण विचारू लागलो. कुकरजवळ उभा राहून शिट्ट्यांवर लक्ष ठेवू लागलो. चपाती तव्यावर गरजेपेक्षा जास्त थांबते, हेही मी शालनच्या कानावर घातलं. माझ्या शिट्टीवाचून हे घर इतकी वर्षं कसं चाललं, याचं मला मनापासून नवल वाटायचं.

आषाढात एका दुपारी शालननं सोप्यात चटई टाकली, सुपात देवकापूस घेतला आणि वाती वळायला बसली.

"एवढ्या कशाला?" मी विचारलं. कोपऱ्यात कापसानं भरलेलं पोतं होतं. तिच्या भावानं परड्यातल्या झाडांचा पाठवलेला.

"लक्षवाती करायच्यात. त्रिपुरी पुनवेला नदीवरच्या महादेवापुढं लावायच्या."

"लक्ष म्हंजे खरोखर लाख?"

"लाख म्हंजे लाखच."

"कशापायी?"

"नवस हाय. देव पावंस्तवर सांगत न्हाईत."

मी देवाच्या वाटेला फारसा गेलो नव्हतो. पहिली गाडी सुटताना हात जोडायचे, एवढीच आमची ओळख. त्यामुळं मी नवसात पडलो नाही. पण वातीत पडल्याशिवाय राहवेना. फुलवात म्हणजे दिसायला सोपी. चिमूटभर कापूस पिंजून त्याची गोल चकती करायची, मध्ये धरून उचलायची, बोटाला भस्म लावून वरच्या टोकाला पीळ द्यायचा की झाली शेपटी. शालन मात्र एक वात वळायची, बोटं मोडायची, खिडकीबाहेर बघायची आणि मग दुसरी घ्यायची. वातीचं पोट सुटलेलं आणि शेपटी लुळी. या चालीनं त्रिपुरी पौर्णिमा गाठायची तर कुठल्या सालची, असा प्रश्न होता. दोन दिवस मी सोसलं.

"शेपटी सैल राहतीय," तिसऱ्या दिवशी मी म्हणालो.

"राहू द्या."

"लावल्यावर कलंडंल."

"कलंडू द्या. देवाला चालतंय."

"देवाला चालत असंल, मला न्हाई चालत. आण इकडं."

तिनं सूप झटकन पलीकडं ओढलं. "हात लावायचा न्हाई. गोदाक्का म्हणत्यात, ज्याचा नवस त्याचाच हात. दुसऱ्याचा लागला की नवस बुडाला."

गोदाक्का म्हणजे आमच्या गल्लीच्या भजनी मंडळाच्या प्रमुख. कुणाचा उपास कशानं मोडला आणि कुणाचा मोडता मोडता वाचला, याचा निवाडा त्या करायच्या आणि त्यावर अपील नसायचं. मी सुपावरचा हात मागं घेतला.

"च्या करते," म्हणून शालन आत गेली. सूप तिथंच राहिलं. नको म्हटलेल्या कामाकडं माझा हात आधी जातो, हे तिला लग्नापासून माहीत होतं, पण त्या दिवशी ती ते विसरली असावी. चहालाही तिला फार वेळ लागला. ती कपबशी घेऊन आली तेव्हा माझ्यापुढं आठ-दहा वाती पडल्या होत्या. पहिल्या काही कापसाच्या गुठळ्याच होत्या, पण शेवटची उभी राहत होती.

शालननं ती तळहातावर घेऊन निरखली. चेहरा काळजीचा केला.

"बरी झालीया," ती म्हणाली. "पण कुणाला कळलं तर?"

"कुणाला कळतंय? दार लावून बसतो की."

तेव्हापासून दुपारी आमच्या घराचं पुढचं दार बंद राहू लागलं. सुरुवातीला मी तिला मदत करत होतो. श्रावण सरता सरता ती मला मदत करू लागली. गणपती गेल्यावर तर तिनं सूप सोडलंच, "माझी बोटं दुखत्यात, तुमचा हात बसलाय," म्हणाली. हात बसला होता हे खरंच होतं. कापूस किती पिंजला की पोट सुटत नाही, भस्म किती लागलं की पीळ सुटत नाही, हे बोटांनाच कळायला लागलं. बायका वाती वळताना देवाचं नाव घेतात. मला ते जमेना. तोंडाला येतील ती नावं मी घ्यायचो. उंब्रज, मसूर, रहिमतपूर, कोरेगाव. एका वातीला एक थांबा. साताऱ्यापर्यंत जायचो आणि दुसऱ्या वाटेनं परत यायचो. अशा फेऱ्या किती झाल्या कोण जाणे, पण संध्याकाळी उठायचो तेव्हा डोकं शांत असायचं. नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

एकदा शेजारची रतन अवचित मागल्या दारानं आली. मी सूप पलंगाखाली सारलं आणि पेपर उघडून बसलो.

"अण्णा, मिशीला काय लागलंय ओ पांढरं?" तिनं विचारलं.

"पिकली," मी म्हणालो.

"एका बाजूलाच?"

"दुसरी पिकंल पुढच्या म्हैन्यात."

शालन आत पदर तोंडाला लावून उभी होती. मिरचीचा डबा मधल्या काळात त्याच्या जुन्या जागी परत गेला होता, हळद आणि मीठही गेले होते. मला ते दिवाळीत करंज्या करताना कळलं आणि तोवर मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

त्रिपुरी पौर्णिमेला दुपारी जायफळ-वेलदोड्यांचा डेपो रिकामा करून त्याच ट्रंकेत वातींच्या जुड्या भरल्या. मी ती खांद्यावर घेतली. वाटेत शालननं मला बजावलं.

"देवळात तोंड उघडायचं न्हाई."

"न्हाई."

"आन् हात खिशात ठेवायचं."

"हात कशाला खिशात?"

"दोन्ही ठेवा."

मंडपात बायका गोल करून बसल्या होत्या. मध्ये पितळेच्या पराती, तुपाच्या कासंड्या, कापसाचं सूप. ट्रंक उघडली आणि सगळ्या पुढं झुकल्या. एकसारख्या, ताठ शेपटीच्या वाती. गोदाक्कांनी एक उचलून चष्म्याजवळ नेली.

"शालन, काय हात गं तुझा. एक सैल न्हाई. अगं, शिकवायचं तरी आमाला."

"तुमचाच आशीर्वाद, अक्का," शालन खाली बघून म्हणाली.

मी खांबाला टेकून हात खिशात घालून उभा होतो. आयुष्यात माझ्या कामाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. गाडी वेळेवर सुटली तर कोण कौतुक करतं? उशीर झाला की मात्र सगळ्यांना नियंत्रक आठवतो. माझा ऊर भरून आला, आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात गोदाक्कांनी स्वतःच्या निरांजनासाठी सुपातला कापूस घेतला आणि गप्पा मारत वात वळायला लागल्या. मी बघायचं नाही असं ठरवलं. नंदीकडं बघितलं, घंटेकडं बघितलं, मग परत सुपाकडं बघितलं. त्यांनी कापूस पिंजलाच नव्हता. चकती एका बाजूला जाड. भस्म घेतलं तर बचकभर. शेपटी उलगडत चाललेली आणि त्या तशीच निरांजनात ठेवू लागल्या. मी डोळे मिटले. शालननं खोकून खूण केली. मी डोळे उघडले, तर त्यांनी दुसरी घेतली होती आणि ती पहिलीपेक्षाही वाईट होती.

"अक्का, तशी न्हाई," मी म्हणालो. हात खिशातून कधी निघाले, मी मंडपात कधी बसलो, मला खरंच सांगता येणार नाही. "कापूस आधी मोकळा करा. हे बघा. मध्ये धरायचं. भस्म नुसतं बोटाला दाखवायचं. आन् पीळ द्यायचा तो बोटाच्या टोकानं, तळव्यानं न्हाई."

वात गोदाक्कांच्या तळहातावर ताठ उभी राहिली. ट्रंकेतल्या वातींची सख्खी बहीण.

रतन सावकाश म्हणाली, "म्हंजे मिशी पिकली नव्हती तर."

गोदाक्कांनी त्या वातीकडं बघितलं, ट्रंकेकडं बघितलं, शेवटी शालनकडं बघितलं. "ह्यातल्या तुज्या किती?"

"थोड्या हायेत," शालन म्हणाली. "तळाला."

गोदाक्कांनी ट्रंकेचं झाकण लावलं. "मग ह्या देवापुढं लागायच्या न्हाईत. नवस तुजा, हात ह्यांचा. असं चालत न्हाई, बाई. देव काय खुळा हाय?"

इतक्या महिन्यांचा तिचा नवस आणि मी तो एका वातीपायी घालवला होता. सूर्य नदीपलीकडं कलला होता, लोक पणत्या घेऊन यायला लागले होते.

"अक्का, तिनं नको म्हटलं हुतं," मी म्हणालो. "मीच बसलो. काय असंल ते प्रायश्चित्त मला सांगा. तिचा नवस मोडू नका."

"मी कोण मोडणार? तुमीच मोडलासा."

"अक्का," शालन मध्येच म्हणाली, "नवस काय हुता ते तर इचारा."

"देव पावल्याबिगर सांगत न्हाईत."

"पावलाय. म्हणून तर वाती लावायच्यात." तिनं पदर सारखा केला. माझ्याकडं बघितलं नाही. "मी म्हटलं, महादेवा, ह्यो माणूस नोकरीतनं सुटलाय, पण नोकरी काय ह्याच्यातनं सुटंना. माज्या स्वयंपाकघराचा स्टँड केलाय. मला माजी मिरची गावंना. ह्याला एका जागी बसव, ह्याच्या हाताला कायतरी मनासारखं काम दे. बसला तर त्रिपुरीला तुज्यापुढं लाख वाती लावीन."

आधी रतन हसली. मग एकेक करून सगळा मंडप हसायला लागला. एक म्हातारी तर डोळे पुसत म्हणाली, "बाई, मला बी सांग की तो नवस, माजा अजून फिरतोय." मी मान खाली घालून बसलो होतो. लोक साडेसातीसाठी नवस बोलतात, आजारपणासाठी बोलतात. आमच्या घरातली पीडा मी होतो, आणि ती टाळण्यासाठी लागणाऱ्या वाती मीच मन लावून वळल्या होत्या.

गोदाक्का मात्र हसल्या नाहीत. त्या विचार करत होत्या.

"म्हंजे हे बसले, हाच परसाद," त्या शेवटी म्हणाल्या. "ह्यांनी वाती वळल्या म्हंजे देवानं ऐकलं. तूच सगळ्या वळल्या असत्यास तर हे तुज्या डोक्यावर बसले असते आन् नवस बुडाला असता."

"तसंच म्हणायचं मग," शालन म्हणाली.

"उघडा ट्रंक." त्यांनी स्वतःच झाकण उचललं. "पण एक करू. मनात किंतू नको. तुज्या हातच्या पाच वाती आत्ता वळ. त्या आधी लावू, मग ह्या."

"हितं?" शालन दचकली. "सगळ्यांसमोर?"

"मग काय घरी जातीस?"

शालननं माझ्याकडं बघितलं. "अहो, तुम्ही जरा नदीवरनं पाणी घेऊन या."

"घागर भरलीया की," मी म्हणालो. भरलेली घागर माझ्या शेजारीच होती. खरं म्हणजे मला काळजी वाटत होती. तिच्या त्या लुळ्या, पोट सुटलेल्या वाती आता सगळ्या गल्लीसमोर येणार. मी ठरवलं, कुणाचं लक्ष नसताना हळूच नीट करून ठेवू.

शालननं एक उसासा सोडला, कापूस घेतला आणि वळायला लागली.

मी वाती वळायला शिकलो होतो. तिला ते येत होतं, हे मला त्या वेळी कळलं. तिनं कापसाकडं बघितलंसुद्धा नाही. रतनशी बोलता बोलता बोटं एकदा फिरली आणि वात परातीत उभी. पुन्हा फिरली, दुसरी उभी. भस्म नाही, काही नाही. माझी एक व्हायची तेवढ्यात तिच्या पाच झाल्या होत्या, आणि शेपट्या अशा की माझ्या त्यांच्यापुढं गावठी दिसत होत्या. मी सुपाकडं बघत राहिलो. तिनं पदराला हात पुसले.

अंधार पडता पडता वाती लागल्या. आधी तिच्या पाच, मग परातीमागून परात. बायका आरती म्हणत होत्या. आम्ही दोघं घाटाच्या पायरीवर बसलो. मी तिच्या त्या पाच वातींकडं बघत होतो.

"रागावलासा?" तिनं विचारलं.

"तुला येत हुतं."

"आमच्या माहेरी भैरोबाच्या वाती आमच्याच घरात व्हायच्या. आईनं मला पाचव्या वर्षी सुपापुढं बसवलं."

"मग माज्यासमोर त्या सैल?"

"चांगलं चाललेलं काम बघून तुमाला कधी हात लावावा वाटलाय का?"

नदीवरून वारा आला, वाती वाकल्या आणि परत उभ्या राहिल्या. त्यातली एकही कलंडली नाही, हे मी बघितलं.

"मिरचीच्या डब्यापायी एवढं केलंस," मी म्हणालो. माझा आवाज जरा दुखावलेला होता.

"डब्यापायी न्हवं," ती म्हणाली. "ते आपलं त्यांच्यासमोर सांगायला. त्या दिवशी सकाळी मी रतनला पाटणच्या गाडीत बसवायला स्टँडवर आले हुते. तुमी घरात सांगून गेला कटिंगला जातो म्हणून. आन् तितं पार शेवटच्या बाकावर बसला हुता, पॅसेंजरासारखं. गाड्या सुटत हुत्या. तुमची शिट्टी मुठीत हुती. वाजवत न्हवता, नुसती धरली हुती." ती थोडी थांबली. "नवा कंट्रोलर पोरगा तुमच्याकडं बघत सुदिक न्हवता. मला ते बघवंना. घरी आला तर केस हुतं तसंच."

तो बाक मला आठवत होता. मला वाटलं होतं, तिथं मला कुणी बघितलं नाही.

"तवा डबा कुठाय इचारलं," शालन म्हणाली, "आन् तुमी एवढ्या हुरुपानं फलाट सांगायला लागला, की मला रडूच यायला लागलं. म्हणून देवापुढं जाऊन बसले."

समोर महादेवापुढं लाखाचा उजेड झाला होता. उंब्रज जळत होतं, मसूर जळत होतं, रहिमतपूर, कोरेगाव, सगळे थांबे एकदम लागले होते. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही. मी तिचा हात धरला. घाटावर सगळी गल्ली होती, तरी धरला.

"लोक बघत्यात," ती म्हणाली, पण हात काढला नाही.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. गल्लीतल्या निम्म्या देवघरांत माझ्या वाती लागतात. गोदाक्कांनी शेवटपर्यंत माझ्याच नेल्या आणि शेवटपर्यंत त्यात काहीतरी खोट काढली. शिट्टी देवघराच्या खणात आहे. दुपारी मी सोप्यात सूप घेऊन बसतो. दार उघडंच असतं. काम आटोपलं की शालन शेजारी येऊन बसते, चिमूटभर कापूस घेते, बोटं मोडते, खिडकीबाहेर बघते आणि पोट सुटलेली, लुळ्या शेपटीची एक वात वळून माझ्यापुढं ठेवते.

"बघा ओ, सैल झाली का?"

"झाली," मी म्हणतो. मग ती वात उलगडतो, कापूस मोकळा करतो आणि उंब्रजपासून सुरुवात करतो.